मॅडम काय म्हणाली

पावसानं त्या वर्षी दोनदा नुसतं तोंड दाखवलं आणि मग तो जो पाठमोरा झाला तो झालाच. वस्तीच्या विहिरीचा तळ दिसायला लागला. मग तळातला गाळ वाळला आणि वाळलेल्या गाळाला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या. पाण्याची गाडी आठ दिवसांनी यायची, कधी दहा. कंपनीच्या जाळीघरांत मात्र टोमॅटोच्या बियाण्याचा हंगाम ऐन भरात होता. कंपनीचं बोअर खोल होतं.

जाळीघरं चार. एकेकात बारा बायका. काम दिसायला हलकं, पण माणसाला पिळून काढणारं. उद्या उमलेल अशी कळी आज दुपारी चिमट्यानं उघडायची, आतले पिवळे केसर मधल्या काडीला धक्का न लावता उपसून काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या काडीच्या टोकाला दुसऱ्या जातीचा पराग लावायचा. एकेका बाईला दिवसाला हजारावर कळ्या. मानेत खिळा ठोकल्यासारखं दुखायचं. झाडाचा चीक बोटांना असा बसायचा, की साबण लावला तर फेस हिरवा यायचा. यंदा साबण लावायला पाणीच नव्हतं. बायका तशाच काळ्या-हिरव्या हातांनी डबा खायच्या.

दुसऱ्या जाळीघरातली म्होरकी होती साळुंकी. हे तिचं नाव नव्हे, पण खरं नाव आता तिच्या सासूबाईंनाही आठवून काढावं लागलं असतं. एकदा कानावर पडलेला आवाज ती जसाच्या तसा काढायची. मुकादमाचं खाकरणं, पंपाची कुरकुर, शेजारच्या म्हातारीचं नाक ओढणं, सगळं. दहावीला ती इंग्रजीत काठावर पास झाली होती. परदेशातून आलेली मॅडम कंपनी बघायला लागली तेव्हा मुकादमाचं इंग्रजी ‘येस मॅडम’ला सुरू होऊन ‘नो मॅडम’ला संपायचं. मग बायकांनी साळुंकीला पुढं ढकललं.

मॅडमचं बोलणं पुस्तकातल्यासारखं नव्हतं. शब्द ओळखीचे, पण त्यांची गाठ मारलेली. दहातले तीन शब्द साळुंकीला कळायचे, बाकीचं ती अंदाजानं ओढून नेई. न कळलेलंही ती सांडू मात्र देत नसे. आवाज म्हणून ते डोक्यात राहायचं, बरणीतल्या लोणच्यासारखं.

एका दुपारी मॅडम तिच्या सरीत येऊन उकिडवी बसली. नाकाचं कातडं उन्हानं सोललेलं, टोपी मांडीवर.

“युअर हजबंड,” मॅडम हळू आवाजात म्हणाली. “ही’ज बीन टर्निंग अ ब्लाइंड आय.”

साळुंकीला ब्लाइंड कळलं, आय कळलं. तिचा नवरा कंपनीच्याच पंपावर कामाला होता आणि त्याचा डावा डोळा लहानपणापासून अधू होता. नवव्या वर्षी झाडावरून पडला, फांदी डोळ्यात गेली, तेव्हापासून बुबुळावर पांढरी टिकली. डोळ्याच्या डॉक्टरला दाखवायला एक दिवसाची रजा हवी, असं महिन्यापूर्वीच मुकादमाच्या कानावर घातलं होतं. म्हणजे मॅडमपर्यंत गोष्ट गेली तर.

“येस मॅडम. ब्लाइंड आय,” ती म्हणाली.

मॅडमनं तिच्याकडं पाहिलं. “यू न्यू?”

“येस मॅडम. आय नो.”

“हाऊ लाँग हॅज धिस बीन गोइंग ऑन?”

“मेनी इयर्स, मॅडम.”

“इयर्स?” मॅडमचा चेहरा उतरला. तिला वाईट वाटलं हे बघून साळुंकीला बरं वाटलं. मुकादमाला तर इतक्या दिवसांत एकदाही वाईट वाटलं नव्हतं.

“वेल. थँक यू फॉर बीइंग स्ट्रेट विथ मी,” मॅडम म्हणाली.

स्ट्रेट म्हणजे सरळ. साळुंकीनं वाकलेली पाठ सरळ केली.

“आय’म सॉरी. बट वी’ल हॅव टु लेट हिम गो.”

जाऊ द्यावं लागेल! साळुंकीचा चिमटा हातातून पडायचा राहिला. “थँक यू, मॅडम! टुमारो गो?”

“येस. फ्रॉम टुमारो.” मॅडम गोंधळून उठली. “आय’म रिअली सॉरी.”

“नो सॉरी, मॅडम! व्हेरी गुड!”

मॅडम गेली तशी सरीतल्या बायकांनी माना वर केल्या. साळुंकीनं सांगितलं, यांना रजा मिळाली, उद्याच जायचं. शेजारच्या सरीत तिची जाऊ होती. तिचा हात कळीवरच थांबला.

“डोळ्यासाठीच ना?” जाऊबाईनं विचारलं. “आणखी काही नाही ना म्हणाली?”

“आणखी काय म्हणणार?”

जाऊबाईनं पुढची कळी उघडली. काडी मोडली. तिच्या हातून काडी सहसा मोडत नसे.

दुसऱ्या दिवशी नवरा-बायको गाडीत बसून शहराला गेले. साळुंकीनंही मुकादमाला सांगून दिवस घेतला होता. लग्नानंतर दोघं मिळून कुठं गेले असतील तर तीनदा, आणि तेही मयताला. नवरा इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीशी बसला होता. “एका डोळ्यानं तू मला अर्धीच दिसतेस,” तो म्हणाला, “म्हणून तर संसार झाला.” पुढच्या बाकावरची बाई हसली. साळुंकीनं त्याला कोपरानं ढोसलं. डॉक्टरनं बॅटरी मारून बघितलं, जुनं आहे, आता काही होणार नाही म्हणाला आणि थेंब लिहून दिले. दोघांना त्याचं फारसं दुःख झालं नाही. मुलगी लग्न होऊन गेली होती, तिच्यासाठी साळुंकीनं केसांच्या पिना घेतल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी नवरा पंपावर जायला निघाला तर फाटकावरच्या राखणदारानं काठी आडवी धरली.

“तुला आत सोडायचं नाही असं सांगितलंय.”

“का? रजा घेऊन गेलो होतो.”

“कसली रजा? तुला काढलंय.”

पंपावर दुसराच माणूस होता. त्यानं साळुंकीच्या नवऱ्याचं फडकं पायाखाली घेऊन त्यावर पाना ठेवला होता. मुकादम हातात चहाचा पेला घेऊन आला.

“माझ्याकडं काय बघतोस?” तो म्हणाला. “मॅडमनं आधी तुझ्या बायकोला विचारलं. बायकोनं सगळं कबूल केलं. वर थँक्यू म्हणाली. व्हेरी गुड म्हणाली! मी स्वतः ऐकलं.”

मागं रांगेत उभ्या असलेल्या बायकांपैकी कुणीतरी फसकन हसलं आणि लगेच पदर तोंडाला लावला. नवऱ्यानं साळुंकीकडं पाहिलं. चांगल्या डोळ्यानं पाहिलं. मुकादमानं फडकं आणून दिलं, ते त्यानं झटकलं, घडी केली आणि घरी गेला.

साळुंकी दिवसभर कळ्या मोडत राहिली. आपण काय कबूल केलं? कुणाला विचारावं? मॅडमला विचारायचं तर परत इंग्रजीत विचारायचं, आणि इंग्रजीनंच तर दगा दिला होता. तिचं कशात चित्त लागेना. बसली की उठावंसं वाटे, उठली की कुठं जायचं ते कळेना. दुपारी सगळ्या डबे उघडून बसल्या तेव्हा ती तडक उठून पाहुण्यांच्या बंगल्याच्या मागच्या दारी गेली.

तिथं आचारी होता. सगळे त्याला जहाजी म्हणायचे. सत्तावीस वर्षं त्यानं जहाजांवर स्वयंपाक केला होता. इंग्रजी लिहिता येत नव्हतं, वाचता येत नव्हतं, पण मॅडम त्याच्याशी बोलताना पोट धरून हसायची हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

“मला इंग्रजी शिकवा,” साळुंकी म्हणाली.

“मला येत नाही,” जहाजी म्हणाला. “मला गोऱ्यांचं बोलणं येतं. ते वेगळं.”

“तेच शिकवा.”

“कांदे सोल आधी. चार किलो आहेत.”

ती पायरीवर बसून कांदे सोलायला लागली. सोलता सोलता तिनं मॅडमचं बोलणं काढून दाखवलं. आवाज तोच, थांबणं तेच, मधला उसासासुद्धा. जहाजी पहिल्यांदा हसला. नक्कल हुबेहूब होती. मग ‘मेनी इयर्स’पाशी त्याचं हसू मावळलं. त्यानं गॅस बारीक केला.

“अगं बाई,” तो म्हणाला. “ब्लाइंड आय म्हणजे डोळा नव्हे. म्हणजे बघून न बघितल्यासारखं करणं. आपण काणाडोळा म्हणतो तेच.”

साळुंकीच्या हातातला कांदा गडगडत मोरीपर्यंत गेला.

“कशाला काणाडोळा?”

“ते तुला माहीत. मॅडमनं विचारलं, किती दिवस चाललंय? तू म्हणालीस, कैक वर्षं. मग ती म्हणाली, नारळ द्यावा लागेल. लेट गो म्हणजे नारळ. त्यावर तू म्हणालीस थँक्यू.” जहाजीनं कपाळावर हात मारला. “माणसाला काढताना ही माणसं आधी सॉरी म्हणतात, ध्यानात ठेव. दोनदा सॉरी म्हटलं की समजायचं, काहीतरी मोठं जातंय.”

“सरळ बोलायला काय होतं यांना?”

“आपण बोलतो का? माझा बाप मेला तेव्हा लोक म्हणाले, तुझे वडील गेले. मी चार वर्षांचा. मी विचारलं, कुठं गेले?”

साळुंकीनं उरलेले कांदे सोलले. डोळ्यांतून पाणी येतच होतं, त्यामुळं वेगळं काही दिसलं नाही.

संध्याकाळी ती घरी न जाता विहिरीवर गेली. फाटकावरून परतल्यापासून नवरा विहिरीतला गाळ काढत होता. दुपारपर्यंत सोबतीला तिघं-चौघं होते, आता तो एकटाच तळाशी होता. काठावर घमेली, दोर आणि त्याची वहाण. खालून कुदळीचा आवाज येत होता. ती काठावर ओणवी झाली.

“अहो.”

कुदळ थांबली. “काय?”

“तुम्ही कशाला काणाडोळा करत होतात?”

खालून आवाज आला, विहिरीनं मोठा केलेला. “कोण म्हणतं?”

“मॅडम म्हणाली होती. मला आज कळलं.”

“मग काढूनपण झालं आणि कळूनपण झालं. घरी जा.”

“वर या आधी.”

“इथंच बरं आहे. गार आहे.” कुदळीचा एक घाव बसला. मग तोच बोलला. “टाकीच्या मागं गाळ सोडायचा वॉल्व्ह आहे. भिंतीबाहेर निघतो. दोन महिने झाले. उजाडायच्या आधी बायका यायच्या, हंडे घेऊन. मी वॉल्व्ह उघडायचो आणि पाठ करून बसायचो. कोण आलं, कोण गेलं, मी बघितलं नाही. बघायचंच नाही असं ठरवलं होतं.”

“दोन महिने,” ती म्हणाली. आणि आपण सांगितलं कैक वर्षं. “आणि मला नाही सांगितलं?”

“तू म्होरकी, त्या वेळी दिवसाचा पराग काढायला परागाच्या खोलीत असायचीस.”

“वेळेचं नाही विचारत मी.”

तो वर बघत होता. वरून तिला त्याच्या चेहऱ्याचा नुसता फिकट गोळा दिसत होता.

“तू मॅडमपुढं उभी राहतेस,” तो म्हणाला. “तुला खोटं बोलता येत नाही आणि तिचं खरं कळत नाही. तुला काय सांगणार?”

घरी आली तर सासूबाई चुलीपुढं बसल्या होत्या. कोपऱ्यात दोन हंडे भरलेले होते, तिसरा रिकामा. साळुंकीनं हंड्याकडं बोट केलं. “हे कुठलं?”

“गाडीचं,” सासूबाई म्हणाल्या.

“गाडी येऊन अकरा दिवस झाले.”

सासूबाईंनी लाकूड पुढं सारलं. “तू प्यालीस ना? गोड लागलं ना? दोन महिने विचारलं नाहीस कुठलं म्हणून. पाणी आहे म्हटल्यावर कोण विचारतं?”

खरं होतं. तिनं विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरीत तिनं जाऊबाईला गाठलं. “सगळ्यांना माहीत होतं?”

“तुझ्याखेरीज.”

“अगं, मी काय परकी आहे?”

“परकी कशाला?” जाऊबाई कळीवरून नजर न उचलता म्हणाली. “पण तू साळुंकी. ऐकशील ते वाजवशील. अर्थ कळला तरी वाजवशील, नाही कळला तरी वाजवशील. भावजींची नोकरी गेली ती कशानं गेली?”

साळुंकीनं चिमटा उचलला आणि पुढची कळी धरली.

त्यानंतर ती रोज दुपारी जहाजीकडं जायला लागली. कधी बटाटे, कधी मटार, कधी नुसती भांडी. तो फोडणी घालत बोलायचा, ती म्हणून दाखवायची. ‘अंडर द वेदर’ म्हणजे अंगात कसकस. ‘पुलिंग माय लेग’ म्हणजे थट्टा. “आपल्याकडं पाय ओढला तर माणूस पडतो,” ती म्हणाली. “त्यांच्याकडं हसतो,” जहाजी म्हणाला. ‘कम क्लीन’वर ती अडली. स्वच्छ होऊन ये? अंघोळ करून? “मनातलं ओकून मोकळं हो,” त्यानं सांगितलं. ‘इन ऑन इट’ म्हणजे कटात सामील. जहाजाच्या कप्तानानं तांदूळ चोरणाऱ्यांना पकडलं तेव्हा हा शब्द त्यानं पहिल्यांदा ऐकला होता. “मीपण इन ऑन इट होतो,” जहाजी म्हणाला आणि डावानं कढईची कड वाजवली.

जसजसं कळायला लागलं तसतशी तिची झोप उडाली. साठवलेली बरणी आता उघडत होती. मॅडम कधी काय म्हणाली होती, ते कळ्या उघडताना अचानक उलगडायचं आणि कान तापायचे. पाहुण्यांना जाळीघर दाखवताना मॅडम तिच्याकडं बोट करून म्हणाली होती, ‘शी मीन्स वेल, ब्लेस हर.’ तेव्हा साळुंकीनं मान लववून हसून दाखवलं होतं. आता कळलं. मनानं चांगली आहे बिचारी. बिचारी! ती हातातली कळी चुरगाळून टाकायची आणि मग स्वतःच दचकायची, कारण चुरगाळलेली कळी म्हणजे कमी झालेलं एक फळ.

इकडं भिंतीबाहेरचा वॉल्व्ह कंपनीनं वेल्डिंग करून कायमचा बंद केला. बायका उजाडायच्या आधी उठून दगडाच्या खाणीपर्यंत चालत जायला लागल्या. तिथं खड्ड्यात हिरवट पाणी होतं. चार मैल जायचं, चार मैल डोक्यावर हंडा घेऊन यायचं आणि मग चिमटा धरायचा. हात थरथरायचे. चिमटा काडीला लागायचा, काडी तुटायची. एक म्हातारी बाई सरीतच वाकली ती उठेना. तिला सावलीत नेऊन मॅडमच्या बाटलीतलं पाणी पाजलं.

आठ दिवसांनी फळांची मोजणी झाली. निम्म्याला आली होती. मॅडमनं साळुंकीला कचेरीत बोलावलं. पंखा फिरत होता. टेबलावर पाण्याचा भरलेला जग होता, वर झाकण. साळुंकीची नजर फिरून फिरून त्यावर जात होती.

मॅडम दमलेली दिसत होती. ती बोलायला लागली आणि साळुंकीच्या लक्षात आलं, की आपल्याला कळतंय. शब्द न् शब्द. न कळण्याचा आडोसा गेला होता.

“ही वॉजन्ट अलोन,” मॅडम म्हणाली. तो एकटा नव्हता. कोण कोण इन ऑन इट होतं? मला नावं हवीत. मुकादम म्हणतो, तुमच्याच जाळीघरातल्या आहेत. तुझ्या नवऱ्यानं कम क्लीन केलं तर त्याच्यासाठी काय करता येईल ते मी बघेन.

नवऱ्याचा चेहरा विहिरीच्या तळातून तिच्याकडं बघत होता. अकरा नावं. एका दमात म्हणून दाखवता आली असती, त्या-त्या बाईच्या आवाजात.

“मॅडम,” ती म्हणाली, “आय इन ऑन इट.”

“यू?”

“आय ड्रिंक. मदर-इन-लॉ ड्रिंक. ऑल लेडीज ड्रिंक. चिल्ड्रन ड्रिंक.” मग इंग्रजी संपलं असं तिला वाटलं, पण जीभ थांबली नाही. तिनं दोन्ही हात टेबलावर ठेवले, काळे-हिरवे, नखांत चीक भरलेला. बोटं थरथरत होती. ती थांबवायचा तिनं प्रयत्न केला नाही. “फोर माइल गो. फोर माइल कम. देन फ्लॉवर. सी, मॅडम. सी हँड.”

मॅडमनं हाताकडं बघितलं.

“अँड मेनी इयर्स, नो,” साळुंकी म्हणाली. “टू मंथ. ब्लाइंड आय, आय थिंक रिअल आय. हिज आय. व्हाइट. फ्रॉम ट्री.” तिनं आपल्या डाव्या डोळ्यावर बोट ठेवलं. “यू से गो, आय थिंक डॉक्टर गो.”

मॅडमला ते समजायला क्षणभर वेळ लागला. मग तिचा हात तोंडावर गेला. ती हसली, मोठ्यानं, खुर्ची मागं गेली. आणि हसता हसताच तिचे डोळे बदलले. “ओ गॉड,” ती म्हणाली. “यू थँक्ड मी.”

“येस मॅडम.”

साळुंकी हसली नाही. तिला मॅडमचं हसणं थांबेपर्यंत तिथं उभं राहावं लागलं आणि ते काही फार वेळ चाललं नाही तरी फार वेळ वाटलं. मग तिनं जे ठरवून आणलं होतं ते सांगितलं. रोज उजाडताना एक तास, एक नळ, भिंतीबाहेर. कामाच्या बाईला तीन हंडे. हंडे ती स्वतः मोजेल. वन टॅप, मॅडम. वन अवर. अँड हजबंड, बॅक.

मॅडमनं टेबलावरचे मोजणीचे कागद एकावर एक ठेवले. मग म्हणाली, “लेट मी स्लीप ऑन इट.” आणि उठून तिनं जगमधलं पाणी पेल्यात ओतून साळुंकीपुढं धरलं. साळुंकी प्याली. पाणी टाकीचंच होतं, चव ओळखीची.

बाहेर बायका चिमटे हातात घेऊनच उभ्या होत्या. जाऊबाई सगळ्यांत पुढं. “काय म्हणाली?”

“उद्या सांगते म्हणाली.”

“नावं विचारली?”

“विचारली.”

“मग?”

“माझं सांगितलं.”

जाऊबाईनं तिच्याकडं नीट पाहिलं, जणू हिशोबात न बसणारं काही पाहत होती. मग तिच्या डोक्यावरचं सुटलेलं फडकं घट्ट बांधून दिलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनं मुकादमाला आणि साळुंकीला बरोबरच बोलावलं. नळ मिळाला. एक तास, तीन हंडे, सोमवारपासून. मुकादमानं ‘येस मॅडम’ म्हटलं. तो बाहेर गेल्यावर मॅडमनं दार लोटलं आणि दुसरं बोलायला सुरुवात केली. माझ्या हातात असतं तर. पण मी वरच्या कचेरीला आधीच लिहून बसले आहे, वर्षानुवर्षं चाललंय असं लिहिलं आहे, आता ते मागं घेतलं तर माझ्यावरच येईल. माय हँड्स आर टाइड. इट्स आउट ऑफ माय हँड्स. पुढंमागं जागा निघाली तर तोच पहिला माझ्या डोळ्यांपुढं असेल. ती खूप वेळ बोलली. अधूनमधून साळुंकीच्या मनगटाला हात लावत होती. तिचे डोळे ओले झाले होते आणि ते खोटं नव्हतं. सॉरी ती तीनदा म्हणाली. साळुंकीनं मोजलं.

“थँक यू” म्हणायचं नाही, एवढं साळुंकीनं दारापर्यंत जाताना सांभाळलं.

नळाची बातमी तिच्याआधीच पसरली होती. बायकांनी तिला घेरलं. कुणी गळ्यात पडलं, कुणी पाठीत धपाटा घातला. म्हाताऱ्या बाईनं तिच्या गालावरून हात फिरवला आणि चिकाचा पट्टा उमटवला. मुकादम लांब उभा राहून पेला विसळत होता. साळुंकी हसत होती, पण पाय ठरत नव्हते. दुपारी जहाजीकडं गेली नाही. सुट्टी होताच ती सगळ्यांच्या आधी फाटकाबाहेर पडली.

नवरा रस्त्याच्या कडेला दगडावर बसला होता. अंगावर विहिरीचा गाळ वाळून पांढरा पडला होता. कुणीतरी त्याला आधीच सांगितलं होतं, बायकोला मॅडमनं दार लावून अर्धा तास बसवून घेतलंय म्हणून. त्यानं हातपाय झाडले, शर्टाची वरची गुंडी लावली. ती जवळ येईपर्यंत थांबला.

“नळ दिला म्हणे,” तो म्हणाला.

“दिला.”

“बरं झालं. आईचं चालणं तरी वाचलं.” त्यानं थोडं थांबून विचारलं, “आणि माझं काय म्हणाली?”

तिच्या डोक्यात मॅडमचा सगळा आवाज भरलेला होता, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, मधल्या उसाशांसकट. मनात आणलं असतं तर तिनं सगळा काढून दाखवला असता.

“नाही म्हणाली,” ती म्हणाली.

त्यानं दंडावरचा वाळलेला गाळ नखानं खरवडला.

“अर्धा तास बोलली. एवढं बोलून नुसतं नाही?”

“हो,” साळुंकी म्हणाली. “एवढं बोलून नुसतं नाही.”

त्यानं मान हलवली. मग दगडामागं ठेवलेली कुदळ उचलून खांद्यावर घेतली आणि दोघं वस्तीच्या वाटेला लागले.